सड्यावरून आर कॅनिस मेजॉरिस : प्रकल्प नोंदी

२२ नोव्हेंबर

भाचीचा टीवायचा प्रकल्प ठरला. ग्रहणकारी जोडताऱ्याचा, म्हणजे एकमेकांना झाकत फिरणाऱ्या दोन ताऱ्यांचा, प्रकाशवक्र (वेळेनुसार प्रकाशाचा आलेख) काढायचा आणि त्यावरून मिनिममची, म्हणजे तारा सगळ्यात मंद असण्याची, वेळ. मार्गदर्शक तिच्या कॉलेजातले सर, जागा गुहागर तालुक्यातला आमच्या गावामागचा सडा (कातळाचं पठार) आणि हमाल, मिस्त्री, चहावाला असं सगळं मी. दिवसा माझं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. रात्री रूपविकारी, म्हणजे प्रकाश बदलणारे, तारे, हे बऱ्याच वर्षांपासूनचं.

पहिला वाद ताऱ्यावरून. तिने आणलेली यादी सगळी उत्तरेकडची. यू सेफी, आरझेड कॅसिओपिया, वगैरे. तारे नामी आहेत, पण ही निवड युरोपातल्या पुस्तकांची, तिथे ध्रुव चांगला वर असतो. आपल्याकडे तो साडेसतरा अंशांवर. यू सेफी ध्रुवापासून आठ अंशांवर, म्हणजे आपल्या आकाशात जास्तीत जास्त २६ अंश वर येणार. शर्मिष्ठेतला, म्हणजे कॅसिओपियातला, आरझेड ३८ अंश. समुद्रकाठच्या हवेत २६ अंशांवर तारा मोजणं म्हणजे तारा कमी आणि बाष्प जास्त मोजणं.

‘मग दक्षिणेकडचे घेऊ,’ ती म्हणाली. हेच तिच्या तोंडून यायला हवं होतं.

ठरलेला तारा आर कॅनिस मेजॉरिस. व्याधाच्या पूर्वेला आठ अंशांवर, जवळपास त्याच उंचीवर, शोधायला सोपा. आवर्तकाल १.१३५९ दिवस, म्हणजे २७ तास १६ मिनिटं. एरवी ५.७ प्रतीचा, ग्रहणात ६.३४ पर्यंत उतरतो (प्रतीचा आकडा मोठा तेवढा तारा मंद). ग्रहण साधारण चार तासांचं, म्हणजे संपूर्ण एका बैठकीत मावतं. आपल्याकडे ५६ अंशांपर्यंत चढतो. आणि त्याचं गणित सोयीचं आहे. सात फेऱ्या आठ दिवसांना ७० मिनिटं कमी, बावीस फेऱ्या पंचवीस दिवसांना १३ मिनिटं कमी. कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करून टाकल्या.

जोडीला, हात बसवायला, वायवाय इरिडॅनी. तो ८.१ ते ८.८ प्रतीचा, आवर्तकाल पावणेआठ तासांना दोन मिनिटं कमी.

३० नोव्हेंबर

ट्रॅकर तयार, म्हणजे आकाश फिरेल तसा कॅमेरा फिरवणारी फळी. दोन सागवानी फळ्या, एका कडेला दणकट बिजागरी, मधून एम-६ची आट्यांची सळी. बिजागरीच्या अक्षापासून सळी २२८.६ मिलिमीटरवर बसवली की मिनिटाला एक फेरा दिला म्हणजे झालं, फळी आकाशाच्या गतीने उघडते. एम-६चा आटा एक मिलिमीटरचा, त्यावरून हा आकडा येतो. मोटार जुन्या प्रिंटरची स्टेपर.

सळी सरळ आहे, फळी उघडते ती कमानीत, त्यामुळे तासाभराने चूक वाढायला लागते. दर पाऊण तासाने सळी मागे आणायची आणि तारा पुन्हा चौकटीत घ्यायचा. पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरला एवढं पुरे. २०० मिलिमीटरची लेन्स, तोंड बारीक करून पाच सेंटिमीटरवर ठेवलेली. चौकट साडेसहा अंश रुंद, त्यात तारा आणि तुलनेचे तारे आरामात.

लेन्सच्या गळ्यात नायक्रोमच्या तारेचा पट्टा गुंडाळला, बारा व्होल्टवर पाच वॅट. दंव पडायला लागलं की त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. हे मात्र माझ्या धंद्यातलं काम, त्यामुळे जरा जास्तच नीटनेटकं झालंय.

६ डिसेंबर

पिठूर चांदणं. कॅमेऱ्याचं काम नाही, म्हणून अलगोल दाखवला. आज संध्याकाळी त्याचं ग्रहण होतं.

ययातीमधला हा तारा एरवी २.१ प्रतीचा, ग्रहणात ३.४. देवयानीतल्या अलमाकशी, ययातीतल्या एप्सिलॉनशी आणि त्रिकोणातल्या अल्फाशी ताडून बघायचा. शेजारचा ऱ्हो तुलनेला घ्यायचा नाही, तो स्वतःच बदलतो. नवशिके हमखास त्यालाच धरतात, कारण तो सगळ्यात जवळ दिसतो.

साडेसातला तिने लिहिलं, अलमाकपेक्षा जरा मंद. साडेनऊला एप्सिलॉनपेक्षा मंद. मग गप्पच झाली. १७८२च्या हिवाळ्यात इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये जॉन गुडरिक हेच करत होता, वय अठरा, ऐकू येत नव्हतं. हा तारा २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो हे त्याने ठरवलं आणि कारण सुचवलं की एखादा मोठा गोल पुढून जात असावा. १७८३ साली रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिलं. त्याच्या म्हणण्याला वर्णपटाची साक्ष मिळायला १८८९ उजाडलं, ती जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोगेलने मिळवून दिली.

गुडरिककडे खोली, म्हणजे प्रकाश किती उतरला ते, मोजायला काही साधन नव्हतं, डोळ्याचा अंदाज तेवढा. तरी त्याचा काळ आजही मिनिटापर्यंत बरोबर आहे. भाचीला सांगितलं, हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

१४ डिसेंबर

आर कॅनिस मेजॉरिसच्या मिनिममचा काल रात्रीचा अंदाज १ वाजून १० मिनिटांचा. अकराला सुरुवात केली. तारा उतरताना छान पकडला. पावणेएकला पश्चिमेकडून ढगांचा पट्टा आला तो बसलाच. अर्धा वक्र. अर्ध्या वक्रावरून मिनिमम काढता येत नाही, निदान मी काढणार नाही. उतार किती सरळ आहे यावर कोणी तरी वेळ सांगेलही, पण दुसरी बाजू बघितल्याशिवाय ती वेळ म्हणजे इच्छा असते.

जागा मात्र पक्की झाली. सड्यावर एक बंद पडलेली चिरेखाण आहे, कमरेभर खोल. तिच्यात बसलं की वारा लागत नाही आणि गावातले रस्त्याचे दिवे कडेआड जातात. स्टँड जमिनीत रोवायचा प्रश्नच नाही, सगळा कातळ. तिन्ही पाय चिऱ्यांवर ठेवले, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. ताडपत्री पसरण्याआधी काठीने झटकायची, चिऱ्यांच्या फटीत फुरसं असतं. हा नियम भाचीला ट्रॅकरच्या आधी शिकवला.

१९ डिसेंबर

वायवाय इरिडॅनी, संध्याकाळी सव्वासातपासून पहाटे अडीचपर्यंत. अमावास्या, आकाश धुतल्यासारखं.

हा अगदी वेगळा प्राणी. यात दोन तारे एकमेकांना टेकलेले, वरचं आवरण सामाईक. त्यामुळे ग्रहण नसताना सपाट भाग असा नाहीच. प्रकाश सतत चढतो किंवा उतरतो, कारण लांबट झालेले तारे फिरताना आपल्याला कधी अंगाने तर कधी टोकाने दिसतात. दोन्ही मिनिमम जवळजवळ सारखी खोल, एकापासून दुसरं ३ तास ५१ मिनिटांवर. एका रात्रीत आम्हाला दोन्ही मिळाली आणि मधला माथाही.

भाचीला वाटत होतं की वक्राचं टोक म्हणजे सगळ्यात खालचा ठिपका. तिने दोन्ही मिनिममच्या तळाचे ठिपके धरून वेळ काढली, अंतर ४ तास ५ मिनिटं आलं. मग दोन्ही बाजूंचे उतार वापरून काढली, ३ तास ५० आलं. मला काहीच बोलावं लागलं नाही. तळाशी वक्र सपाट असतो, तिथे एका ठिपक्याची प्रत शतांशाने हलली की वेळ दहा मिनिटांनी हलते. उतारावर तसं होत नाही. वेळ तळात नसते, ती दोन्ही बाजूंच्या भिंतींत असते.

२२ डिसेंबर

आर कॅनिस मेजॉरिस, संपूर्ण. ही नोंद सविस्तर.

संध्याकाळी खारा वारा होता. तो असताना लेन्स उघडायचीच नाही, काचेवर मिठाचा पातळ थर बसतो आणि टॉर्च तिरपी धरली की दुधी दिसतो. साडेआठनंतर वारा पडला. तांडेलकाका खाणीच्या कडेला बिडी ओढत बसले होते. आयुष्य होडीवर गेलं, आता गुडघ्यांमुळे घरी असतात, झोप नाही म्हणून आमच्यात येतात. साडेनऊच्या सुमाराला त्यांनी मान पूर्वेला वळवली आणि म्हणाले, ‘मतलई सुटली. आता लाव पोरी तुझा कॅमेरा.’

जमिनीवरून येणारा हा वारा कोरडा. अर्ध्या तासात व्याधाभोवतीचं खळं गेलं. त्यानंतर पहाटे तीनपर्यंत हवा स्थिर.

पद्धत अशी. फोकस मुद्दाम जरासा ढिला, म्हणजे ताऱ्याचा ठिपका बारा-पंधरा पिक्सेलांवर पसरतो. नेमक्या फोकसमध्ये प्रकाश चारदोन पिक्सेलांत कोंडतो आणि त्यातला हिरवा किती, लाल किती हे नशिबावर. रॉ फाइल, फक्त हिरवा चॅनल, तो खगोलशास्त्रातल्या मानक व्ही (हिरवट-पिवळ्या) पट्ट्याच्या सर्वांत जवळचा. पंधरा सेकंदांची एक फ्रेम. पाच सेंटिमीटरच्या भिंगाला पंधरा सेकंदांत ताऱ्याचं लुकलुकणंच अर्ध्या टक्क्याच्या आसपास भोवतं, म्हणून आठ-आठ फ्रेमची सरासरी घेऊन एक ठिपका. लेन्स झाकून घेतलेल्या डार्क फ्रेम (कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंधळ वजा करायला) कामानंतर, फ्लॅट (लेन्सवरच्या डागांची दुरुस्ती करायला) सूर्यास्तानंतरच्या आकाशाकडे लेन्स करून, वर पांढरा मलमलचा रुमाल ताणून. फ्लॅट रोजच्या रोज घ्यायचे. कालचे आज चालत नाहीत, कारण मीठ आणि धूळ रोज वेगळ्या जागी बसते.

तुलनेचा तारा निवडायला आख्खी संध्याकाळ घालवली होती. आर हा एफ वर्गाचा, पिवळसर पांढरा. चौकटीत त्याहून तेजस्वी तारे आहेत, पण एक निळा आणि एक नारिंगी. हवा निळा प्रकाश जास्त खाते, तारा जसा खाली जातो तसा निळ्या ताऱ्याशी हिशेब बिघडत जातो. म्हणून थोडा मंद पण जवळपास त्याच रंगाचा तारा घेतला. दुसरा एक तपासणीला. त्याचा आणि तुलनेच्या ताऱ्याचा फरक रात्रभर सरळ रेषेत राहिला तरच बाकीच्या आकड्यांवर विश्वास.

जवळचा का, त्याचंही गणित करून ठेवतो. दोन तारे उभ्या दिशेने दोन अंश लांब असतील आणि हवा एका वायुभाराला (सरळ डोक्यावरच्या हवेइतक्या जाडीला) ०.४ प्रत खात असेल, तर ६० अंशांवर दोघांत फरक ०.०१ प्रतीचा पडतो. ३० अंशांवर तोच ०.०५. म्हणजे तारा कलत जातो तसा सगळा वक्र एका बाजूला झुकतो. आणि झुकलेल्या वक्राचं मिनिमम सरकतं. खोलीतली चूक परवडली, झुकाव नाही.

पावणेदहाला ग्रहण लागायच्या आधीचा सपाट भाग मिळाला. दहाच्या पुढे घसरण. मध्यरात्रीच्या आसपास तारा शेजारच्या ६.३ प्रतीच्या ताऱ्याइतकाच दिसत होता, म्हणजे प्रकाश निम्म्याला आलेला. दोनला पुन्हा मूळ जागी.

सकाळी झोप न काढताच तिने ग्राफ पेपरवर ठिपके मांडले. वर बटर पेपर ठेवून वक्र उतरवला, कागद उलटा केला आणि डावीउजवीकडे सरकवत राहिली. चढता भाग उतरत्या भागावर बसला तिथे टाचणी टोचली. मधली रेघ १२ वाजून ४ मिनिटांवर. मग संगणकावर क्वे आणि फान वुर्डेन यांच्या १९५६च्या पद्धतीने काढलं तर १२ वाजून ३ मिनिटं, कमीजास्त ३. तीही पद्धत मुळात हेच करते, आरशातला वक्र मूळ वक्रावर बसवते. फक्त बटर पेपरला चूक किती ते सांगता येत नाही.

मिनिममच्या वेळांच्या यादीवरून काढलेला अंदाज बारा वाजताचा होता.

३ जानेवारी

पौर्णिमा, काम बंद. आज कागदावर.

तीन मिनिटांचा फरक कशाचा, या प्रश्नापासून भाची सुरू झाली आणि मी तिला आधी साडेसहा मिनिटांचा फरक दाखवला. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ४९९ सेकंद लागतात. पृथ्वी वर्षभर सूर्याभोवती फिरते म्हणजे कधी ताऱ्याच्या जरा जवळ, कधी जरा लांब. हा तारा क्रांतिवृत्तापासून (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेपासून) ३८ अंश दक्षिणेला असल्यामुळे पूर्ण ४९९ सेकंद नाही, पण ३९० च्या आसपास फरक पडतो. जानेवारीच्या मध्याला आपण त्याच्या सर्वांत जवळ, त्यामुळे ग्रहण सूर्यावरून दिसलं असतं त्याच्या साडेसहा मिनिटं आधी दिसतं. जुलैत तेवढंच उशिरा. जुलैत अर्थात कोकणातून काहीच दिसत नाही आणि तारा सूर्याच्या बाजूला असतो, पण तत्त्व ते. म्हणून सगळ्या वेळा सूर्यकेंद्री करून लिहायच्या, नाही तर डिसेंबरची आणि फेब्रुवारीची वेळ एका तराजूत घालता येत नाही. आमचा वरचा अंदाज ही दुरुस्ती धरूनच होता, त्यामुळे तीन मिनिटं शिल्लक राहतातच.

आता या ताऱ्याची खरी गंमत. १८८७ साली तो बदलतो हे लक्षात आलं, तेव्हापासून लोक मिनिममच्या वेळा लिहून ठेवतायत. निरीक्षित वेळेतून अंदाजित वेळ वजा करून वर्षानुवर्षं मांडली तर सरळ रेघ यायला हवी. इथे येतो मोठा हेलकावा, अर्ध्या तासाहून जास्त. १९८४ साली हैदराबादच्या के. डी. अभ्यंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं कारण म्हणून तिसरा तारा मांडला, जोडीला ९१ वर्षांच्या आसपास एक फेरी घालायला लावणारा. पुढे हिप्पार्कोस उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्याच्या जागांशी ते जुळलं, काळ ९३ वर्षांच्या जवळ आला. जोडी आपल्यापासून दूर झुकली की प्रकाशाला जास्त वाट चालावी लागते, ग्रहण उशिरा. इकडे झुकली की लवकर. रोमरने १६७६ मध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशाला वेग आहे हे दाखवलं, त्याचाच हा ताऱ्यांमधला अवतार.

तिसरा तारा कोणाच्या दुर्बिणीत दिसून सापडला नाही, घड्याळात सापडला.

आणि तो सापडायला १८८७पासूनच्या लोकांची खोलीची मोजमापं फारशी कामाला आली नाहीत. डोळ्याचे अंदाज, काचेच्या प्लेटा, निरनिराळे फिल्टर, सगळ्यांच्या प्रती वेगवेगळ्या. वेळा मात्र सगळ्यांच्या एका रांगेत लागतात. बंगालातले राधागोविंद चंद्र आठवले. त्यांची रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणं पाहून अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली होती. साधन साधं आणि चिकाटी दांडगी, अशा माणसांच्या वह्यांवरच ही रांग उभी आहे.

१६ जानेवारी

काल रात्रीचं मिनिमम. अंदाज ११.४६, मिळालं ११.४८, कमीजास्त २. तारा मध्यमंडलाच्या (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या, जिथे तो सर्वांत उंच असतो) अगदी जवळ होता, यापेक्षा चांगली मांडणी मिळणार नाही.

त्रास होता तो क्षितिजावरच्या दिव्यांचा. एलईडी लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, कागदावर. काल पश्चिमेला पाच-सहा बोटी अशा पेटल्या होत्या की खाणीच्या कडेची सावली पडत होती. तांडेलकाका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘तुमचा तारा तरी उद्या परत येईल.’

आमच्यापुरतं, प्रकाश नीट वजा होतो. ताऱ्याभोवती कडं धरून तिथला आकाशाचा उजेड मोजायचा आणि तारकाबिंबातून काढायचा. पार्श्वभूमी एकसारखी चढली तर ठिपक्यांचा पसारा वाढतो, वक्र जागचा हलत नाही. विरळ ढगांवर तो उजेड पसरून धावायला लागला तर मात्र बंद करावं.

२४ जानेवारी

काल १०.३७ चं मिनिमम होतं. आंब्याला मोहर, सगळीकडे फवारणीची लगबग, दिवसभर दोन पंप दुकानात आले आणि दोन्ही आजच हवे होते. सड्यावर पोचेपर्यंत सव्वादहा. फक्त चढती बाजू. वहीत ठेवली, मिनिमम काढलं नाही.

१० फेब्रुवारी

भाजावळीचे दिवस. खाली खलाट्यांत भाताच्या राबासाठी पालापाचोळा, शेण, कवळं रचून दुपारपासून पेटवतात, रात्री मतलई तोच धूर सड्यावर आणते. जो वारा डिसेंबरात आमचा मित्र होता तोच आता धूर ओढून आणणारा.

अंदाज ११.३३. तपासणीच्या ताऱ्याचा फरक, जो डिसेंबरात शतांशभर हलत होता, तो काल ०.०५ प्रतीने वरखाली. धूर सरसकट नसतो, पट्ट्यापट्ट्यांनी जातो. एक पट्टा तुलनेच्या ताऱ्यावरून गेला की आर उगाच तेजस्वी होतो. पावणेबाराला भाची म्हणाली, ‘मामा, आवरूया का? यात काही अर्थ नाही.’

तिला म्हटलं दोनपर्यंत थांब.

वक्र गबाळा आला. खोली ०.५५ म्हणा नाही तर ०.६८ म्हणा, दोन्ही बसतात. पण वेळ ११.३६, कमीजास्त ४. हे का जमतं त्याचा हिशेब तिनेच मांडला. दोन तासांत तारा ०.६ प्रत उतरतो, म्हणजे मिनिटाला ०.००५. एका ठिपक्यात ०.०५ ची चूक असेल तर तो ठिपका दहा मिनिटं इकडेतिकडे. पण उतारावर आणि चढावर मिळून असे कितीतरी ठिपके, आणि धुराचे पट्टे काही ग्रहणाचं वेळापत्रक बघून येत नाहीत. दोन्ही भिंती सारख्याच खडबडीत होतात, मधलं अंतर राहतं.

डिसेंबरच्या रात्रीपासून कालपर्यंत ४४ फेऱ्या. दोन्ही टोकांच्या चुका धरल्या तरी एका फेरीमागे अनिश्चितता सात सेकंदांची. धुरातून, सागवानी फळीवरून, २७ तासांच्या घड्याळाला सात सेकंद. ती मघाची ‘आवरूया’ विसरली होती.

१८ फेब्रुवारी

महाशिवरात्र आटपली, वेळणेश्वरच्या जत्रेचे दिवे उतरले, काल अमावास्या. अंदाज १०.२४, तारा मध्यमंडलावर १० वाजून ८ मिनिटांनी. सगळंच जुळलेलं. मिळालं १०.२६, कमीजास्त २. दंव इतकं की ताडपत्री पिळून काढली, पण नायक्रोमचा पट्टा लावलेली लेन्स रात्रभर कोरडी.

८ मार्च

लेखन. मार्गदर्शक सरांचा आग्रह आहे की तक्त्यात खोली, ताऱ्यांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर, कक्षेच्या कलण्याचा कोन हे सगळं यावं, नाही तर परीक्षक विचारतील. विचारू देत. त्रिज्या आणि कोन काढायला विल्सन–डेव्हिनी पद्धतीची प्रारूपं आहेत, १९७१ पासून जगभर वापरतात, फीबीसारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात. आकडा टाकला की आकडा येईलही. पण एका पट्ट्यातल्या, शतांशाच्या चुकीच्या वक्रावर अर्धा डझन चल बसवले तर प्रारूप काहीही गोड मानून घेतं. शिवाय दुय्यम ग्रहण (मंद तारा मागे जातो तेव्हाचं) इतकं उथळ की आमच्या ठिपक्यांत ते आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. भाचीने प्रारूपाचा एक परिच्छेद लिहिलाय, त्यात गुणोत्तर न देता पद्धत सांगितलीय आणि खाली लिहिलंय की दिलेल्या अचूकतेत हे चल ठरत नाहीत. सरांना पसंत नाही, मला आहे. मार्क ती घेणार, तेव्हा शेवटचा निर्णय तिचा.

एक गोष्ट तिने स्वतःहून घातली ती चांगली. या जोडीतला हलका तारा म्हातारा, फुगलेला, आणि जड तारा अजून तरणा. एकाच वेळी जन्मलेल्या दोघांत जड तारा आधी म्हातारा व्हायला हवा. अलगोलमध्येही हीच उलटापालट दिसते. उत्तर असं की आज हलका दिसणारा आधी जड होता, फुगला तेव्हा त्याचं वस्तुमान जोडीदाराकडे वाहून गेलं. तिने लिहिलंय, ‘हे आमच्या वक्रातून दिसत नाही, पण वक्रातला तारा असा का आहे ते यामुळे कळतं.’ वाक्य तसंच ठेव म्हटलं.

मुख्य तक्ता मिनिममचा. निरीक्षित वजा अंदाजित : अधिक ३, अधिक २, अधिक ३, अधिक २ मिनिटं. सगळे एकाच बाजूला, चुकीच्या मर्यादेच्या काठावर. यातून तिसऱ्या ताऱ्याबद्दल काही म्हणायचं नाही, एका हिवाळ्यात ९३ वर्षांच्या फेरीचा अर्धा टक्काही होत नाही. पण १८८७ पासून या जोडीच्या ४४ हजारांहून जास्त फेऱ्या झाल्यात. आवर्तकालात सेकंदाचा शंभरावा भाग चुकला तरी तेवढ्यात सात मिनिटं जमा होतात. त्या रांगेत हे चार ठिपके चालतात, धुरातला धरून, त्याच्यापुढे ४ मिनिटांची चूक स्पष्ट लिहून.

सूर्यकेंद्री वेळा, चूक, पट्टा, साधन, जागेचे अक्षांश-रेखांश, अशा ओळी निरीक्षकांच्या जागतिक सूचीकडे पाठवायला तयार केल्या. कॅमेऱ्याचं घड्याळ रात्रीच्या सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलच्या वेळेशी ताडल्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. ते कोणी मागत नाही, पण असू देत.

पुढचा तारा डेल्टा लिब्री, तूळ राशीतला, ४.९ ते ५.९ प्रत. आवर्तकाल २.३२७ दिवस, तीन फेऱ्या म्हणजे सात दिवसांना २६ मिनिटं कमी. एका शनिवारी मिनिमम सोयीच्या वेळी आलं की पुढचे शनिवार ओळीने मिळतात, प्रत्येक वेळी २६ मिनिटं आधी. एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत तेवढे शनिवार पुरतील. भाचीची परीक्षा एप्रिलच्या मध्याला संपते. ट्रॅकरच्या बिजागरीला गंज धरलाय, तोपर्यंत पितळी बसवून ठेवतो.